उत्तरदाती क्रमांक तेवीस

सरिता मारबतेला त्या मुलाखतीत पाच प्रश्न विचारले गेले. नाव काय, गाव कोणतं, वडील काय करतात, लग्न ठरलंय का, आणि शेवटचा म्हणजे टायपिंग येतं का.

ती आली होती पीएच.डी.च्या प्रवेशासाठी. २०१८ सालचा जुलै महिना होता. चंद्रपूरला नागपूर रस्त्यावर एक मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठानं तिला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिलेली. तिथं प्रवेश मिळवायचा तर आधी विद्यापीठाची लेखी परीक्षा, मग केंद्राकडे संशोधनाचा आराखडा, मग समितीपुढे मुलाखत. लेखीचे सत्तर गुण, मुलाखतीचे तीस. सरिताला लेखीत सत्तरपैकी चोपन्न मिळाले होते. भटक्या जमातींसाठी राखीव असलेल्या एका जागेवर तिच्याशिवाय दुसरा उमेदवारच नव्हता.

ती सावली तालुक्यातल्या करंजबोडी गावची, ढिवराच्या घरची. बाप वारलू तलावात जाळं टाकायचा आणि माय गिरजा टोपलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात मासे विकायची. सरिता एम.बी.ए. झाली तेव्हा गावात त्याचा अर्थ कोणाला सांगता येत नव्हता, पण गिरजाबाई बाजारात सांगत सुटली की पोरगी व्यापाऱ्याच्या वरचं शिकली. आणि सरितानं विषयही तोच घेतला होता: तलावातला मासा ताटात पोचेपर्यंत भाव कोण ठरवतो. दोन हंगाम ती बाजारा-बाजारांत फिरली. एक्केचाळीस बायांना तिनं त्यांच्याच बोलीतले प्रश्न विचारले, स्वतःच्या हातानं कागद भरले. त्यातली तेविसावी बाई तिची स्वतःची माय होती.

"ह्या धंद्यात तुमाले सगळ्यात जास्त काय पाहिजे?" असा शेवटचा प्रश्न होता.

"बर्फ," गिरजाबाई म्हणाली होती. "अन् तू रोज घरात पायते मले, तरी कागदावर कायले लिवते व?"

हे सगळे भरलेले कागद सरितानं आराखड्यासोबत जोडून दिले होते. संचालक डॉ. श्रीहरी देशकरांनी मुलाखतीत तो गठ्ठा उचलून वजन केल्यासारखा हातात तोलला आणि बाजूला ठेवला.

"मासे विकणं हे मॅनेजमेंट आहे का, मारबते? हे तर आमच्या मागच्या गल्लीत रोज होतं." समितीतले बाकीचे दोघं हसले, एक जरा उशिरानं. "राहू द्या हे इथे, बघतो मी. टायपिंग येतं का तुम्हाला? आमच्या ऑफिसात जागा आहे."

आठ दिवसांनी फलकावर यादी लागली. तिच्या जागेपुढे लिहिलं होतं, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' त्या शेऱ्याच्या आधारे ती जागा खुली झाली आणि इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांचा मुलगा विक्रम, ज्याला सगळे विक्कीसर म्हणत, त्या जागेवर आला.

सरितानं ऑफिसातली जागा घेतली. वर्गमैत्रिणींना ते कळेना. अपमान करणाऱ्याच्याच दारात कशाला जायचं? सरितानं कोणाला काही सांगितलं नाही. तिला त्या खोलीत शिरायचं होतं जिथं ते वाक्य टाईप होतं, एवढंच तेव्हा तिला ठाऊक होतं.

त्याच नोव्हेंबरात गिरजाबाई तापानं गेली. गडचिरोलीच्या दवाखान्यात चार दिवस होती. सरिताला नव्या नोकरीत रजा मिळेना, ती पोचली तेव्हा बायांनी मायला आंघोळ घालून पायाला हळद लावून ठेवली होती. ती परतल्यावर देशकरांनी दोन दिवसांची बिनपगारी रजा मांडली आणि वर म्हणाले, "दुःख समजतो मी, पण प्रोग्रेस रिपोर्ट अडकलेत."

संशोधन कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली, तीन लोखंडी कपाटं आणि सरिता. पण प्रवेशाचं सगळं यंत्र त्याच खोलीतून फिरायचं. कोणत्या मार्गदर्शकाकडे किती जागा रिकाम्या, कोणाचा कोर्सवर्क राहिला, कोणाचा सहामाही अहवाल आला नाही, बिंदुनामावलीत पुढची जागा कोणत्या प्रवर्गाची, हे सगळं तिला फायली न उघडता सांगता येऊ लागलं. नियमांची पुस्तिका तर तिच्या डोक्यात छापल्यासारखी होती. देशकर तिच्यावर विसंबायचे. दर गुरुवारी ती सह्यांचा गठ्ठा नेऊन ठेवायची आणि ते फोनवर बोलत बोलत, कागद न वाचता, सह्या करत जायचे.

आणि दर वर्षी ते वाक्य तिला टाईप करावं लागायचं. योग्य उमेदवार आढळला नाही. पहिल्या दोन वर्षांत चारदा तिनं ते स्वतःच्या बोटांनी लिहिलं. ब्रह्मपुरीचा एक मुलगा, मूल गावची एक बौद्ध घरातली मुलगी, राजुऱ्याचे दोघं. ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलं बाहेर बाकावर बसलेली असायची आणि तिला विचारायची, "मॅडम, यादी केव्हा लागन?" ती म्हणायची, आठ दिवसांनी.

तिसऱ्या वर्षी मात्र ती अडली. रश्मी पुंगाटी नावाची माडिया मुलगी आली होती, हेमलकशाच्याही पुढच्या गावची. ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः कशा करतात, हा तिचा विषय. मुलाखतीत ती थोडी अडखळली. देशकरांनी तेच वाक्य लिहायला सांगितलं. सरितानं त्यांच्यापुढे विद्यापीठाचं परिपत्रक ठेवलं.

"सर, ह्या प्रवर्गाची जागा सलग तिसऱ्यांदा रिकामी दाखवली तर विद्यापीठ कारण विचारते. अन् केंद्राच्या जागा कमी होऊ शकते."

देशकरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे आहे असं?"

"कलम अकरा, सर."

रश्मीला प्रवेश मिळाला, आणि देशकरच तिचे मार्गदर्शक झाले. ती चंद्रपूरला आली की आधी जिन्याखालच्या खोलीत यायची. येताना कधी मोहाची फुलं, कधी चारोळी आणायची. सरिता तिचे अर्ज तपासून द्यायची, तारखा आठवण करून द्यायची. त्या खोलीत सरिता मोठ्यानं हसलेली कोणी ऐकली असेल तर ती रश्मीसोबतच.

२०२३ च्या पावसाळ्यात मूल्यांकनासाठी बाहेरून पथक येणार होतं. केंद्रातून झालेले सगळे प्रबंध ग्रंथालयात मांडायचे होते, म्हणून देशकरांनी आपल्या केबिनमधलं कपाट सरिताला उघडून दिलं. विक्कीसरांचा प्रबंध तिनं तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला. गर्द निळं कापडी बांधकाम, सोनेरी अक्षरं. 'पूर्व विदर्भातील अंतर्देशीय मत्स्य-विपणनाची मूल्यसाखळी.'

ती उभ्या उभ्या चाळत गेली. परिशिष्टात प्रश्नावली होती. तिचीच. भाषा तेवढी पुस्तकी केली होती, पण प्रश्नांचा क्रम तोच, सव्विसावा प्रश्न तिनं चुकून दोनदा लिहिला होता तो इथंही दोनदाच. पुढे उत्तरदात्यांची यादी, गाव, वय, मुलाखतीची तारीख. क्रमांक तेवीस: श्रीमती गिरजा वारलू मारबते, करंजबोडी, वय एक्कावन्न. मुलाखत दिनांक १२ जानेवारी २०२०.

त्या दिवशी गिरजाबाईला जाऊन चौदा महिने झाले होते.

मजकुरात एके ठिकाणी लिहिलं होतं, 'उत्तरदाती क्र. २३ यांच्या मते शीतसाखळीचा अभाव ही प्रमुख समस्या होय.' सरितानं ते वाक्य तीनदा वाचलं. बर्फाचं त्यांनी हे केलं होतं.

ती रडली नाही. तिनं प्रबंध यादीत नोंदवला, इतरांसोबत नीट मांडला आणि शनिवारी करंजबोडीला गेली. वारलू अंगणात जाळं विणत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत, पण गाठ चुकली आणि ती त्यानं दातानं तोडली.

"म्हंजे तुही माय मेल्यावर तो तिच्यासंगं बोलला?"

"कागदावर, बा."

"मेलेल्या मानसाच्या तोंडात शब्द घातले त्यानं." वारलूनं जाळ्याची पुढची गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "सोडू नको त्याले. त्या दुसऱ्यालेही सोडू नको, ज्यानं कागद देल्ले."

"वेळ लागन, बा."

"लागू दे. मले कुठी जाचं हाये."

तक्रार तेव्हाच करता आली असती. पण सरिताला कागद कुठून कुठे जातात हे ठाऊक होतं. इन्स्टिट्यूटकडे केलेली तक्रार देशकरांच्या टेबलावर जाणार. विद्यापीठाकडे केलेली तक्रार ज्या मंडळापुढे जाणार त्यावर देशकर सदस्य होते, आणि खुलासा मागवणारं पत्र परत तिच्याच खोलीत येणार. देशकरांची त्या मंडळावरची मुदत २०२४ च्या अखेरीस संपत होती. पुढच्या फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती केंद्राची मान्यता वाढवायला येणार होती. त्याच समितीपुढे विक्कीसरांना पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळवायची होती. देशकर मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर विक्कीसर बसणार, हे शिपायालाही माहीत होतं.

सरितानं फेब्रुवारी निवडला. दीड वर्ष ती रोज सकाळी दोघांना "गुड मॉर्निंग सर" म्हणत राहिली.

त्या दीड वर्षात तिनं एकच काम केलं. वारलूच्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. २०१८ च्या प्रवेश प्रक्रियेची आवक नोंद, मुलाखतीचे गुणपत्रक आणि समितीचं इतिवृत्त यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. अर्ज नियमाप्रमाणे तिच्याच खोलीत आला. तिनंच प्रती काढल्या, तिनंच उत्तराचं पत्र तयार केलं आणि एका गुरुवारी सह्यांच्या गठ्ठ्यात मध्यावर ठेवलं. देशकरांनी फोनवर कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं बोलत बोलत प्रत्येक प्रतीवर 'सत्यप्रत' म्हणून सही केली.

आवक नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: क्रमांक २१२, सरिता वा. मारबते, संशोधन आराखडा, सोबत भरलेल्या प्रश्नावल्या एक्केचाळीस. गुणपत्रकात तीनपैकी दोन सदस्यांनी तिला तीसपैकी चोवीस आणि बावीस दिले होते. देशकरांनी पाच. खाली शेवटचा आकडा सहा होता, 'सर्वानुमते.'

समिती यायच्या चार दिवस आधी विक्कीसर जिन्याखाली आले. ते दिसायला देखणे, बोलायला गोड, आणि स्वतःचा प्रबंध शेवटचा कधी उघडला होता हे त्यांना आठवत नसावं.

"सरिताताई, माझं प्रेझेंटेशन बघून द्या ना. दहा स्लाइड बस. तुम्हाला समितीची नस माहीत आहे."

"समितीला फील्डवर्क आवडते, सर. एखाद्या उत्तरदात्याची गोष्ट टाकू का? तुमच्या प्रबंधातूनच घेते."

"टाका, टाका. मस्त होईल."

सातवी स्लाइड तिनं स्वतः केली. शीर्षक दिलं, 'उत्तरदाती क्रमांक तेवीस.' नाव, गाव, वय, तारीख, सगळं त्यांच्याच परिशिष्टातून जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रश्मी आली. तिच्या प्रबंधाचं पूर्वसादरीकरण मार्चमध्ये ठरलं होतं. ते झालं की प्रबंध दाखल करायचा, मग फक्त शेवटची मौखिक परीक्षा. तारीख विचारायला आली होती ती. टेबलावर समितीसाठीच्या फायली लावलेल्या होत्या, परिशिष्ट एक ते नऊ. नववं उघडं होतं. वर करंजबोडी ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला, खाली प्रबंधातल्या पानाची प्रत.

रश्मी हुशार होती. तिनं दोन्ही तारखा वाचल्या आणि खाली बसली.

"ताई, हे तुमी समितीपुढे ठेवून राह्यल्या?"

"हो."

"मंग सर जाते. माझा गाईड जाते. केंद्रच बंद झालं तं माझं सारंच जाते. चार वर्षं झाले, ताई." ती हळू बोलत होती. "एक महिना थांबा. माझं मार्चमध्ये होऊ द्या, एप्रिलमध्ये तुमी पत्र पाठवा. सरचं मंडळावरचं तं संपलंच आता."

"पत्र खुलाशाले इथीच येते, रश्मी. मे महिन्यात ते हार घालून निवृत्त होते. मंग कोन कोनाले विचारते?"

"मंग वकिलाकडून पाठवा. पेपरात द्या. मार्ग नाई का?"

मार्ग होता. सरिताला तो माहीत होता. एप्रिलमध्ये थेट कुलगुरूंकडे सत्यप्रतींसह तक्रार दिली असती तर तीही दाबता आली नसती. देशकरांची सही असलेले कागद दाबणार कोण? पण मग सगळं बंद पाकिटातून झालं असतं. तिला ते लोकांसमोर हवं होतं. देशकर खुर्चीत बसलेले हवे होते, विक्कीसर माइकपुढे उभे हवे होते, आणि ती स्वतः तिथं हवी होती.

"मी सात वर्षं थांबली," ती म्हणाली.

"तुमची माय परत येनार हाये का?"

"नाई."

"मंग माझं काऊन जाळता?"

सरितानं नववं परिशिष्ट बंद केलं आणि फायलीला दोरी बांधली. रश्मी उठून गेली. जाऊन देशकरांना तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

समिती मंगळवारी आली. अध्यक्षा अमरावतीच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, पांढऱ्या केसांच्या, कागद बोटानं ओळ धरून वाचणाऱ्या. सोबत दोन सदस्य. सभागृहात इन्स्टिट्यूटचे सगळे प्राध्यापक, पाच-सहा संशोधक विद्यार्थी आणि पहिल्या रांगेत इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष. रश्मी शेवटच्या रांगेत होती. सरिता फायलींच्या टेबलाशी उभी.

विक्कीसर बोलायला लागले. छान बोलत होते. सातवी स्लाइड आली.

"उत्तरदाती क्रमांक तेवीस," त्यांनी वाचलं, "श्रीमती गिरजा वारलू मारबते. मला आजही आठवतं, जानेवारीतली थंडी होती. तलावाच्या पाळीवर बसून या बाई माझ्याशी दोन तास बोलल्या. स्वतःच्या हातानं भाजलेला मासा त्यांनी मला खाऊ घातला. मॅडम, मला वाटतं खरं मॅनेजमेंट मी त्या दिवशी शिकलो."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढं सरितानं मागितलं नव्हतं. मासा त्यांनी स्वतःच्या मनानं भाजला होता.

समितीच्या अध्यक्षाबाईंचं बोट स्लाइडवरच्या नावावरून समोरच्या फाइलवर गेलं. "मारबते. या सगळ्या फायलींवरही स. वा. मारबते अशी सही आहे. तुम्हीच ना? या बाई तुमच्या नात्यातल्या का?"

"माझी आई आहे, मॅडम."

देशकर खुर्चीत पुढे झाले. चेहऱ्यावर हसू होतं. "बघा मॅडम, आमचा स्टाफसुद्धा संशोधनाशी कसा जोडलेला आहे."

"माझी आई बारा जानेवारी दोन हजार वीसला कोणाशी बोलली नाही," सरिता म्हणाली. आवाज तिचा होता की नाही, तिला कळलं नाही. "ती अठरा साली नोव्हेंबरमध्ये गेली. दाखला परिशिष्ट नऊमध्ये आहे, पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर माझा आराखडा अठरा साली इथे दाखल झाल्याची नोंद आहे, एक्केचाळीस भरलेल्या प्रश्नावल्यांसह. तिसऱ्यावर मुलाखतीचे गुण. सगळ्या सत्यप्रती आहेत. सही देशकर सरांची आहे."

अध्यक्षाबाईंनी दोरी सोडली, पान उलटलं, ओळीवर बोट ठेवलं. मग दुसरं पान. देशकर उठले, "मॅडम, हा अंतर्गत विषय आहे, ही कर्मचारी—" आणि अध्यक्षाबाईंनी मान वर न करता हात दाखवून त्यांना बसवलं. विक्कीसर माइकपुढेच उभे होते. मागे पडद्यावर गिरजाबाईचं नाव होतं आणि ते पुसायचं कोणाला सुचत नव्हतं.

"त्या बाई दिसायला कशा होत्या, सांगता का?" अध्यक्षाबाईंनी विक्कीसरांना विचारलं.

विक्कीसरांनी देशकरांकडे पाहिलं. देशकरांनी विक्कीसरांच्या बापाकडे, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांकडे. सरितानं तिघांचेही चेहरे पाहिले, एकेक करून, सावकाश. देशकरांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. ती तो घाम पाहत राहिली. रश्मी मागच्या रांगेतून उठून बाहेर गेली, तेही तिनं पाहिलं.

व्हरांड्यात देशकरांनी तिला गाठलं. "तुला मी नोकरी दिली."

"तुम्ही माझी जागा घेतली, सर. मग टेबल दिलं."

सरिता दुसऱ्या दिवशी निलंबित झाली, कार्यालयीन गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल. पण विद्यापीठाची चौकशी त्याआधीच सुरू झाली होती. एप्रिलमध्ये गडचिरोलीला सुनावणी लागली. वारलू करंजबोडीहून सात बाया घेऊन आला, सगळ्या यादीतल्या. चौकशी समितीनं विक्कीसरांकडे बोट दाखवून विचारलं, ह्यांना कधी पाहिलं का? मंगली नावाची म्हातारी डोळ्यांवर हात धरून निरखत राहिली.

"हा बाबू? नाई बा. आमाले तं सरितानं इचारलं होतं. इचारू इचारू डोस्कं खाल्लं होतं तिनं."

विक्कीसरांच्या वकिलानं मग शेवटचा पत्ता टाकला. क्षेत्रकार्य झालं होतं याचा पुरावा म्हणून त्यानं मूळ भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एक्केचाळीस कागद. देशकरांनी ते सात वर्षं जपून ठेवले होते. सरितानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आवक-जावक वह्या विद्यापीठानं आधीच मागवल्या होत्या. अक्षर जुळवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. देशकर तेव्हा खिडकीबाहेर पाहत होते. सरिताला त्यांना हाक मारून इकडे बघायला लावावंसं वाटलं.

निकाल दिवाळीपूर्वी लागला. विक्कीसरांची पदवी काढून घेतली गेली. देशकरांची मार्गदर्शक म्हणून मान्यता रद्द झाली; ते मे महिन्यातच राजीनामा देऊन गेले होते, निरोप समारंभ झाला नाही. सरिताचं निलंबन मागं घेतलं गेलं. आणि संशोधन केंद्राची मान्यता दोन वर्षांसाठी थांबवण्यात आली. केंद्रातल्या सहा संशोधक विद्यार्थ्यांनी आपापल्या विषयाचा मार्गदर्शक अन्यत्र शोधावा, असं शेवटच्या परिच्छेदात होतं. पाच जणांना मिळाले. रश्मीच्या विषयाला कोणाकडे जागा नव्हती. ती गावी परतली आणि आश्रमशाळेत कंत्राटी शिकवायला लागली. सरिताचे फोन तिनं उचलले नाहीत.

डिसेंबरात सरिता आलापल्लीमार्गे तिच्याकडे गेली. सागाच्या जंगलातून जाणारा तो रस्ता तिनं आधी कधी पाहिला नव्हता. हेमलकशाहून पुढे एका जीपमध्ये बसून ती गावी पोचली तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. रश्मीनं तिला पाहिलं, खाट टाकली, पाणी दिलं. चारोळी वगैरे काही नाही.

"तुमाले सरचं तोंड पाहाचं होतं ना," ती म्हणाली. "पायलं?"

"पायलं."

"कसं वाटलं?"

जीपमध्ये सरितानं माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. पण ती तोंडी आली नाहीत. "चांगलं वाटलं, रश्मी. अजूनही आठवलं का चांगलं वाटते. तुह्यासाठी वाईट वाटते, ते वेगळं. पन ते पुन्हा करायची वेळ आली तं मी पुन्हा करीन."

रश्मी तिच्याकडे टक लावून पाहत राहिली. "महिनाभर थांबून?"

सरितानं विचार केला. खरंच केला. "नाई," ती म्हणाली.

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आतून रश्मीच्या आईनं माडियात काहीतरी विचारलं, रश्मीनं एका शब्दात उत्तर दिलं. सरितानं पिशवीतून कागद काढले. विद्यापीठानं नव्या मार्गदर्शकांची यादी लावली होती. त्यात वन-उपजांच्या बाजारावर काम केलेल्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे एक जागा होती. केंद्र बदलण्याचा अर्ज सरितानं पूर्ण भरून आणला होता, कलमांसकट. फक्त सही बाकी होती. शेवटची तारीख वीस दिवसांवर होती.

"ठेवून जा," रश्मी म्हणाली.

"आता सही केली तं मीच नेऊन देते."

"ठेवून जा, म्हनलं ना."

सरितानं कागद खाटेवर ठेवले, वारा होता म्हणून वर पाण्याचा पेला ठेवला आणि निघाली. जीपच्या थांब्यापर्यंत रश्मी आली नाही. थांब्यावर एक म्हातारा बांबूची मोळी टेकवून बसला होता, त्यानं सरिताला कोणाकडची म्हणून विचारलं. तिनं पुंगाटींकडे आली होती असं सांगितलं. तो म्हणाला, ते लोक पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. जीप यायला अजून वेळ होता, आणि सरिता रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.